साठ कंदिलांची यादी

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. पस्तीस-चाळीस माणसं, बहुतेक निवृत्त. कुणी बँकेतून, कुणी नोटप्रेसमधून, कुणी शाळेतून. दरवर्षी दसऱ्याला आम्ही वर्गणी काढतो आणि जमलेली रक्कम एखाद्या कामाला देतो. त्या वर्षी १ लाख ७५ हजार रुपये जमले आणि पेठ तालुक्यातल्या एका पाड्याला मदत करायचं ठरलं. यादीही तिथल्या तिथे झाली: साठ सौरकंदील, ब्लँकेटं, घराघरांतून गोळा केलेले कपडे आणि लहान कुटुंबाचं महत्त्व सांगणारं एका डॉक्टरांचं व्याख्यान.

ही यादी करायला पंधरा मिनिटं लागली आणि ती सांगण्यात मीच पुढे होते. त्या पंधरा मिनिटांत आमच्या डोक्यात नेमकं काय चाललं होतं, हे उलगडायला पुढचे आठ महिने गेले. ते प्रकरण जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे. मदत करणाऱ्या इतर गटांना त्याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

माझ्या मनातला पेठ

मला पेठ माहीत होता, म्हणून माझा शब्द चालला. १९८४ साली मी त्या तालुक्यात एकशिक्षकी शाळेवर होते. पाड्यावर वीज नव्हती. मी कंदिलाच्या उजेडात वह्या तपासायची. श्रावणात एका रात्री माझ्या शाळेतल्या एका मुलीची आई अडली. चार जणांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि भर पावसात तिला घेऊन निघाले. ओढ्याला पाणी होतं, ते उतरेपर्यंत थांबावं लागलं. पहाटे झोळी परत आली. आईही गेली होती, बाळही. तिचं ते सहावं बाळंतपण होतं. सकाळी ती मुलगी शाळेच्या पायरीवर येऊन बसली, कारण तिला दुसरीकडे कुठे जायचं ते कळत नव्हतं.

त्यानंतर माझी बदली निफाडला झाली आणि पुढे नाशिकला. पेठला मी पुन्हा राहिले नाही. बलसाडच्या रस्त्याने जाताना गाडीच्या काचेतून तो अनेकदा पाहिला, पण थांबले नाही. 'पेठ' म्हटलं की मला ती झोळीच दिसायची. साठ कंदील त्या रात्रीतून आले होते. लहान कुटुंबाचं व्याख्यानही तिथूनच आलं होतं.

माझी आठवण खरी होती, तिच्यात काडीचंही खोटं नव्हतं. तिच्यावर साल लिहिलेलं नव्हतं एवढंच.

एका काकांची शंका

सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले एक काका आमच्यात आहेत. फार बोलत नाहीत. पैसे बँकेतून काढायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, साठ कंदील कशावरून? तिथे वीज नाही हे कुणी पाहिलंय?"

मला राग आला. मी तिथे राहिले होते, ते राहिले नव्हते. मी तसं म्हणालेही. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही राहिलात त्याला चाळीस वर्षं झाली. आपण आधी गटाचीच एक परीक्षा घेऊ या. कुणाला पास-नापास करायचं नाही. आपल्याला काय ठाऊक आहे तेवढंच बघू."

मग आम्ही दोघांनी मिळून एक छोटी प्रश्नपत्रिका केली. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय. बत्तीस जणांनी ती भरून दिली. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी बत्तिसांतले दहा-अकरा बरोबर यायला हवे होते. तीनच प्रश्नांचं सांगते.

पहिला प्रश्न: भारतातल्या आदिवासी स्त्रीला सरासरी किती मुलं होतात, दोन, चार की सहा? बरोबर उत्तर दिलं चौघांनी. बहुतेकांनी 'चार' लिहिलं होतं, काहींनी 'सहा'. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत अनुसूचित जमातींसाठी हा आकडा २.१ च्या आसपास आहे. २००५-०६ मध्ये तो ३.१ होता. म्हणजे दीड दशकात सरासरी एक मूल कमी झालं, आणि शहरातल्या आम्हाला त्याची चाहूलही लागली नव्हती. संपूर्ण महाराष्ट्राचा आकडा तर १.७ आहे. लोकसंख्या आहे तेवढी टिकून राहायला जेवढा लागतो त्याहूनही कमी.

दुसरा प्रश्न: महाराष्ट्रात शंभरातली किती बाळंतपणं दवाखान्यात होतात, ५५, ७५ की ९५? बरोबर पाच जण. त्याच पाहणीत राज्याचा आकडा ९४.७ टक्के आहे. देशाचा २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होता, तो ८८.६ वर आला. मधल्या काळात काय झालं ते आमच्यातल्या प्रत्येकाने तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेलं होतं. २००५ पासून गावोगाव आशा कार्यकर्त्या आल्या, त्याच वर्षी जननी सुरक्षा योजना आली, २०१४ पासून राज्यात १०८ नंबरची रुग्णवाहिका आली. सगळ्या गोष्टी माहीत होत्या. त्यांची बेरीज कुणी केली नव्हती.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र काकाही गप्प झाले. २०१५-१६ नंतरच्या पाच वर्षांत राज्यात रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचं प्रमाण घटलं, तेवढंच राहिलं की वाढलं? बत्तिसांतल्या दोघांनी 'वाढलं' लिहिलं होतं. ते ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेलं आहे. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ते ५३.८ वरून ६८.९ वर गेलं.

या निकालाचा मी खूप विचार केला. आम्ही नुसते निराशावादी असतो तर तिसरं उत्तर बरोबर यायला हवं होतं. आम्ही तसे नव्हतो. जे डोळ्यांपुढे नाट्यमय उभं राहतं, म्हणजे काळोख, झोळी, पोरांचं लेंढार, ते आम्ही अजून तसंच आहे असं धरलं. जे डोळ्यांना दिसतच नाही, म्हणजे रक्तातलं कमी झालेलं हिमोग्लोबिन, ते आम्ही सुटलेलं धरलं.

काकांनी त्या दिवशी मला एका जुन्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली तो प्रसिद्ध केला होता. लोकांसमोर आकड्यांचं एक चक्र फिरवायचं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के आहेत? ज्यांच्यासमोर १० आलं त्यांचं मधलं उत्तर २५ होतं, ज्यांच्यासमोर ६५ आलं त्यांचं ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही हे दिसत असूनही मनाने त्या आकड्याला खुंटी समजून दावं बांधलं. माझी खुंटी १९८४ ची होती. गटाची खुंटी मी होते.

इथे माझं एक मत सांगते. अशा चुकांना लोक 'अज्ञान' म्हणतात, पण गटातलं सगळ्यांत चुकीचं उत्तर सगळ्यांत अनुभवी माणसाचं होतं, म्हणजे माझं. काहीच माहीत नसलेल्या माणसाने निदान कुणाला तरी विचारलं असतं.

पहिली फेरी: कुलपं आणि डिश अँटेना

खरेदी थांबवली. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही नऊ जण दोन गाड्या करून निघालो. सावळघाट उतरलो, करंजाळीला चहा घेतला आणि पेठच्या अलीकडे डांबरी रस्त्यालगतच्या त्या पाड्यावर पोचलो.

विजेचे खांब होते. घरकुलाची पक्की घरं होती. तीन छपरांवर डिश अँटेना आणि अंगणात मोटारसायकली. पाड्याची आशाताई तिशीची होती, पदवीधर. तिने आम्हाला अंगणवाडीत बसवलं. मी तिला कंदिलांचं विचारलं तेव्हा ती अवघडली. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग म्हणाली, "बाई, लाइट हाये. वाऱ्या-पावसात जाती, पन येती. मोबाइल चार्ज व्हतात." तिला स्वतःला दोन मुलं होती. पाड्यावर गेल्या तीन वर्षांत घरी झालेलं बाळंतपण एकच, आणि तेही रुग्णवाहिका वाटेत असताना झालेलं. सगळं तिच्या वहीत लिहिलेलं होतं.

येताना गाडीत वेगळीच हवा होती. आमच्यातले एक काका म्हणाले, "म्हणजे सगळं झालंय की तिथे. आपण उगाच कळवळत होतो. पैसे दुसरीकडे द्या." बहुतेकांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली. चाळीस वर्षांचं एक ओझं उतरल्यासारखं झालं होतं, आणि त्या हलकेपणात दुसरी चूक शिरली.

पाड्यावरच्या जवळजवळ निम्म्या घरांना कुलपं होती. ती आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. एकानेही त्यांबद्दल विचारलं नव्हतं. पूर्वीचं चित्र मोडायला डिश अँटेना उपयोगी पडत होत्या म्हणून त्या मनात राहिल्या. कुलपं कुठल्याच चित्रात बसत नव्हती, म्हणून ती रस्त्यावरच सांडली.

चार दिवसांनी सांख्यिकीवाल्या काकांचा फोन आला. "बाई, ती कुलपं कशाची होती हो?"

मी आशाताईला फोन केला. ती म्हणाली, "बागंवर गेलेत समदे. दिंडोरीकडं."

बागेवर

द्राक्षाचा हंगाम नाशिककरांना सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीपासून एप्रिलपर्यंत दिंडोरी आणि निफाडच्या बागांना हातांची गरज असते: छाटणी, शेंडा मारणं, विरळणी, डिपिंग, मग तोडणी. पेठ-सुरगाण्यात भात आणि नागली निघाली की हातांना काम उरत नाही. पावसावरची एकपिकी शेती. मग उचल घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं बागांकडे निघतात. पेठ नाक्यावर या दिवसांत जीपगाड्या भरभरून येताना आपण बघतो. मीही बघत होते. ही माणसं आणि माझ्या मनातला पाडा यांची मी कधी गाठच घातली नव्हती.

जानेवारीत आम्ही तिघी दिंडोरी तालुक्यातल्या एका गावी गेलो. आशाताईने नंबर दिला होता. मांडवाखाली तोडणी चालू होती. बाया कात्रीने घड कापून क्रेटमध्ये अलगद ठेवत होत्या. मांडवाच्या लोखंडी अँगलला साडीची झोळी बांधलेली, तिच्यात आठ-नऊ महिन्यांचं बाळ. ती झोळी बघून मी क्षणभर थांबले. माझी झोळी वेगळी होती.

शेजारच्या प्लॉटमध्ये औषध मारणं चालू होतं. वारा आमच्याकडे होता. चार वर्षांची एक मुलगी झोळीला हेलकावे देत बसली होती. तिच्या वयाची मुलं पाड्यावर त्या वेळी अंगणवाडीत बसतात, गरम खातात.

तिथे एक बाई पाच महिन्यांची गरोदर होती. माता-बाल संरक्षण कार्ड घरी सासूकडे ठेवून आलेली, भिजेल म्हणून. लोहाच्या गोळ्या पहिल्या महिन्यातच संपल्या होत्या. २०१५ पासून आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. ते तिला पाड्यावर मिळत होतं. बागेच्या गावात ते नव्हतं. तिची सगळी नोंद पेठला आणि ती स्वतः दिंडोरीला. वर्षातले पाच-सहा महिने ती कुठल्याच वहीत नव्हती.

पेठच्या वहीतला आकडा खोटा नव्हता. दवाखान्यातली बाळंतपणं खरंच वाढलेली आहेत. पण वही पाड्यावर राहते आणि बाई राहत नाही. ही गोष्ट कुठल्याही सरासरीत दिसली नसती आणि माझ्या १९८४ च्या आठवणीत तर नाहीच नाही, कारण तेव्हा रोजगाराला जाणं असलं तरी द्राक्षबागांचा पसारा आजच्याइतका नव्हता. बदल झाला होता. त्या बदलाने जुनं दुःख कमी केलं आणि नवं निर्माण केलं. मनाला एका वेळी एकच दिशा पेलते: सुधारतंय किंवा बिघडतंय. आम्ही दोन महिन्यांत दोन्ही टोकांना जाऊन आलो होतो.

आपण आणि ते

रक्तक्षयाच्या आकड्याने माझी झोप उडवली होती. तेव्हा एका डॉक्टरबाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की पाहणीत बोटाच्या टोकाचं रक्त घेतात, आणि शिरेतलं रक्त तपासलं तर प्रमाण वेगळं, बऱ्याचदा कमी दिसतं. यावर तज्ज्ञांमध्ये खरा वाद आहे. त्यामुळे ५४.२ हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. दुसरी गोष्ट, रक्त कमी असण्याचं एकच कारण नसतं. लोह कमी असेल, जंत असतील, आदिवासी समाजांत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असेल. सिकलसेल लोहाच्या गोळीने बरा होत नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गटातल्या बायकांचं हिमोग्लोबिन किती आहे?"

आम्ही हसलो. आम्ही खाऊन-पिऊन सुखी माणसं. त्या म्हणाल्या, "देशाचा आकडा बघा. ग्रामीण स्त्रियांत ५८.५ टक्के, शहरी स्त्रियांत ५३.८. एवढंच अंतर आहे."

फेब्रुवारीत आम्ही चौदा जणींनी लॅबमध्ये शिरेतलं रक्त दिलं. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी बारा ग्रॅमची रेषा असते. सहा जणी तिच्याखाली निघाल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या एका मैत्रिणीचं ९.८ होतं. दम लागतो तो वयामुळे, असं ती दोन वर्षं समजत होती.

चौदा म्हणजे काही पाहणी नव्हे, यावरून शहराबद्दल काही सांगता येत नाही. पण आमच्या गटात त्या अहवालांनी जे केलं ते कुठल्याच व्याख्यानाने झालं नसतं. तोवर आमच्या प्रत्येक वाक्यात 'ते' आणि 'आपण' होतं. मध्ये दरी, पलीकडे गरज, इकडे मदत. खरं तर बहुतेक माणसं मधल्या पायऱ्यांवर उभी असतात. आशाताई पदवीधर आहे, तिच्या घरी टीव्ही आहे, तिच्या वहिनीचं हिमोग्लोबिन नऊ आहे आणि माझ्या मैत्रिणीचं ९.८. यात दरी नेमकी कुठे काढायची?

पुढे मार्चमध्ये आशाताई काही कामाने नाशिकला आली तेव्हा माझ्याकडे जेवली. नळाला पाणी दिवसातून ठरलेल्या वेळीच येतं हे ऐकून ती चकित झाली. "आमाला वाटं नाशिकात चोवीस तास ऱ्हातं पानी." तिच्याही मनात एक नाशिक होतं.

डांबरी रस्त्याच्या खाली

आता पाळणाघराचा विचार पक्का होत होता. बागेच्या गावात हंगामापुरतं एक पाळणाघर. पण एप्रिलमध्ये आशाताईनेच आम्हाला अडवलं. म्हणाली, "बाई, तुमी रस्त्यावरचाच पाडा बघितला."

मला हे सगळ्यांत जास्त लागलं. एका रात्रीवरून तालुका ठरवायचा नाही एवढं शिकून आम्ही एका पाड्यावरून तालुका ठरवला होता, आणि तो पाडा गाडी थेट जाते म्हणून निवडला होता.

मेच्या पहिल्या आठवड्यात ती आम्हाला घाट उतरून एका वस्तीवर घेऊन गेली. शेवटचे तीन किलोमीटर पायी. पेठला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, निफाडच्या कितीतरी पट. पण खाली बसाल्टचा कठीण खडक आणि उभा उतार. पाणी मुरत नाही, दमणगंगा आणि पारेच्या खोऱ्यांतून पश्चिमेला निघून जातं. विहिरीच्या तळाशी हंडाभर गढूळ पाणी होतं. टँकर वरच्या रस्त्यापर्यंत येतो, पाइपने विहिरीत सोडतो, आणि मग त्याच मातीत मिसळलेलं पाणी बाया वाटीने भरतात. दोघी आत उतरलेल्या होत्या. त्यांतली एक सतरा-अठरा वर्षांची.

'सगळं झालंय की तिथे' असं म्हणणारे काका आमच्याबरोबर होते. वयामुळे त्यांना उतार झेपत नव्हता तरी आले. विहिरीपाशी ते बराच वेळ बसून राहिले. नंतर म्हणाले, "सुरगाण्याच्या सीमेवरची गावं २०२२ मध्ये गुजरातमध्ये जायचं म्हणत होती तेव्हा मी पेपर वाचून म्हणालो होतो, राजकारण आहे." पुढे काही बोलले नाहीत.

ही वस्ती आणि रस्त्यावरचा पाडा यांत काही किलोमीटरचंच अंतर आहे. एकाच तालुक्याच्या सरासरीत दोघं बसतात. वर्षाचा हिशेब केला तर पाऊस भरपूर, मेचा केला तर तहान. आकडा विचारताना तो कुठल्या महिन्याचा आणि कुठल्या उताराचा, हेही विचारायला हवं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. गणित शिकवत असून मीही कुणाला शिकवलं नाही.

पैसे कुठे गेले

जूनमध्ये बैठक झाली. या वेळी तीन तास चालली, आणि आशाताई व बागेवर भेटलेल्या दोन बायका समोर होत्या. त्यांच्यापुढे बोलताना आमच्यातल्या कुणालाही 'ते' म्हणता येईना.

कपडे रद्द झाले. बायांनी स्पष्ट सांगितलं की जुने कपडे दर दिवाळीला कुणी ना कुणी टाकून जातं. व्याख्यान तर बोलायच्या आधीच गळालं. कंदील मात्र पूर्ण गळाले नाहीत. खालच्या वस्तीवर पावसाळ्यात आठ-आठ दिवस वीज जाते, म्हणून तिथल्या चौदा घरांना चौदा कंदील दिले. साठ नव्हे. टँकर थांबतो तिथे पाच हजार लिटरची एक टाकी आणि तिला चार तोट्या बसवल्या, म्हणजे पाणी विहिरीत सोडावं लागणार नाही. याने पाण्याचा प्रश्न सुटला नाही. पण टँकर येत असताना कुणाला विहिरीत उतरावं लागत नाही, एवढं झालं.

उरलेले बहुतेक पैसे पाळणाघराला गेले. दिंडोरीतल्या त्या गावाने समाजमंदिराची खोली दिली. एका बागायतदाराने रोजचं दूध दिलं, त्याने स्वतः विचारून. मुलं सांभाळायला पाड्यावरच्याच दोन ताया मानधनावर आल्या, म्हणजे मुलांना त्यांची बोली ऐकू येते. कार्ड भिजू नये म्हणून प्रत्येक गरोदर बाईला प्लॅस्टिकचं एक पाकीट दिलं. दहा रुपयांची वस्तू. साऱ्या खर्चात तिची निवड मला सगळ्यांत नेमकी वाटते, कारण ती आम्हाला सुचली नाही, बागेवर भेटलेल्या त्या गरोदर बाईने सुचवली. तिचं पुढे काय झालं, असं मला कुणीतरी विचारलं. तिला मुलगी झाली, मेमध्ये, पेठच्या ग्रामीण रुग्णालयात.

पहिल्या हंगामात पाळणाघरात अकरा मुलं आली. आम्ही वीस धरली होती. काही कुटुंबं त्या वर्षी निफाडकडे गेली, आणि काही आयांना तान्हं बाळ नजरेआड ठेवणं पटलं नाही. तेही बरोबरच होतं. तान्ह्यांसाठी बागेजवळच काही करता येईल का, हे अजून ठरलेलं नाही.

सांख्यिकीवाल्या काकांनी मला एक वही दिली आहे. तिच्यात डावीकडे आम्हाला जे खरं वाटतं ते लिहायचं, मध्ये ते कुणी आणि कधी पाहिलं ते, आणि उजवीकडे पुन्हा कधी विचारायचं ते. पहिल्या पानावर मी लिहिलं आहे: 'पाड्यावर वीज नाही. मी पाहिलं, १९८४.' ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली आशाताईच्या अक्षरात दुसरी आहे: 'वीज आहे. पावसात जाते. नोव्हेंबर.' शेवटची ओळ गेल्या महिन्याची: 'बागेवर मुलं अकरा, पहिला हंगाम. ऑक्टोबर छाटणीला परत मोजायची.'